फोनसोबत टीव्ही मोफत: ब्रिटनमधलं गिफ्टवालं मोबाईल कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का?

आधी प्रश्न सांगतो. एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनला आलेल्या एका विद्यार्थ्याला ऑनलाइन एक ऑफर दिसली. चांगला अँड्रॉइड फोन, भरपूर डेटा, सुरुवातीला काही भरायचं नाही, दरमहा ५२ पौंड, मुदत २४ महिने आणि सोबत ४३ इंची टीव्ही मोफत. त्याने अर्ज केला, पण क्रेडिट चेकमध्ये, म्हणजे उधारीचा इतिहास तपासताना, तो नामंजूर झाला. आता त्याच्यासोबत त्याच घरात राहणारा एक सीनियर म्हणतोय, "माझ्या नावावर घेऊ, तू मला दर महिन्याला पैसे दे." घ्यावं का, असं त्याने विचारलं आहे.

तुमच्या परिस्थितीत घेऊ नका. गिफ्टवालं प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट वाईट असतं असं मात्र मी म्हणत नाही. काही वेळा ते खरंच परवडतं आणि ते कधी, तेही पुढे सांगतो. पण तुमच्या बाबतीत टीव्ही हा मुद्दाच दुय्यम आहे. तुम्ही एक वर्षासाठी आला आहात आणि सही दोन वर्षांची करताय, तीही दुसऱ्याच्या नावावर. खरी जोखीम तिथे आहे.

मी ब्रिटनमध्ये मोबाईल विक्रीच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. आधी दुकानाच्या काउंटरवर, नंतर एका रिसेलरकडे, जिथे कुठल्या टॅरिफवर, म्हणजे दरमहाच्या कुठल्या प्लॅनवर, काय गिफ्ट द्यायचं हे ठरवलं जायचं. त्यामुळे टीव्ही येतो कुठून, तिथूनच सुरुवात करू.

रिसेलर म्हणजे असा विक्रेता ज्याचं स्वतःचं नेटवर्क नसतं. तो नेटवर्क कंपनीसाठी गिऱ्हाईक आणतो आणि प्रत्येक कनेक्शनमागे त्याला कमिशन मिळतं. तुम्ही २४ महिन्यांत नेटवर्कला जेवढी रक्कम देणार, साधारण त्या प्रमाणात हे कमिशन वाढतं. रिसेलर त्यातून फोनची किंमत भागवतो, स्वतःचा नफा काढतो आणि उरलेल्या पैशात गिऱ्हाईक ओढायला काहीतरी देतो. ते 'काहीतरी' तीन रूपांत येऊ शकतं: सुरुवातीची रक्कम कमी, कॅशबॅक किंवा गिफ्ट. पैसे तेच असतात. गिफ्ट विक्रेत्याला सोयीचं पडतं, कारण तो टीव्ही घाऊक भावात घेतो आणि जाहिरातीत दुकानातली किरकोळ किंमत छापतो. शंभर पौंड कॅशबॅक म्हणजे त्याच्या खिशातून पूर्ण शंभर जातात. शंभर पौंड छापील किमतीच्या वस्तूला त्याला तेवढे पडत नाहीत.

मग "मोफत" म्हणणं कायदेशीर कसं? ब्रिटनमध्ये या शब्दावर नियम आहेत. जाहिरातींवर देखरेख ठेवणारी एएसए ही संस्था ज्या संहितेवर चालते, तिच्यानुसार सोबत विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूची किंमत फुगवून मोफत वस्तूचा खर्च वसूल करता येत नाही. खोट्या "फ्री"वर कायद्यानेही बंदी आहे. ती आधी २००८च्या ग्राहक संरक्षण नियमांत होती, आता २०२४च्या नव्या कायद्यात आहे आणि तो भाग एप्रिल २०२५पासून लागू झाला. पण गिफ्टच्या धंद्यात किंमत फुगवावी लागतच नाही. ५२ पौंडांचं टॅरिफ नेटवर्कच्या यादीत आधीपासून असतंच. गिफ्ट फक्त अशाच टॅरिफवर ठेवतात जिथे कमिशन भरपूर असतं. म्हणजे टॅरिफ महाग केलेलं नसतं, तुम्हाला महागड्या टॅरिफकडे नेलेलं असतं. स्वस्त टॅरिफवर टीव्ही का नाही, याचं कारण हेच.

आता तुमच्याच ऑफरचा हिशेब मांडू. तुलनेच्या किमती मी समजुतीसाठी धरतोय. तुम्ही त्या जागी त्या दिवशीच्या खऱ्या किमती घाला.

५२ गुणिले २४ म्हणजे १,२४८ पौंड. समजा, तोच फोन आणि जवळपास तेवढाच डेटा दुसऱ्या रिसेलरकडे गिफ्टशिवाय ४३ पौंडांना आहे. त्याचे २४ महिन्यांचे १,०३२ होतात. फरक २१६ पौंड. टीव्ही दुकानात २२९ला मिळतो असं धरलं, तर गिफ्टवाली ऑफर १३ पौंडांनी फायद्याची दिसते. बरेच जण हिशेब इथेच थांबवतात. विक्रेत्यालाही तो इथेच थांबायला हवा असतो.

आता एक पायरी पुढे चला. फोन बाजारात सुटा, कुठल्याही कॉन्ट्रॅक्टशिवाय ५९९ पौंडांना आहे. सिम-ओन्ली प्लॅन, म्हणजे फक्त सिम, पुरेशा डेटासह दरमहा १० पौंड. ५९९ अधिक २४०, एकूण ८३९. म्हणजे गिफ्ट नसलेलं कॉन्ट्रॅक्टसुद्धा १९३ पौंडांनी महाग होतं! ४३मधून सिमचे १० वजा केले, तर उरलेले दरमहा ३३ पौंड हा फोनचा हप्ता धरा. ५९९च्या वस्तूसाठी ३३चे २४ हप्ते म्हणजे वर्षाला सुमारे ३२ टक्के व्याजाचं कर्ज. "सुरुवातीला काही भरायचं नाही" याची किंमत ती आहे, फक्त कागदावर कुठे व्याज असं लिहिलेलं नाही. आणि तुमच्या ऑफरची या ८३९शी तुलना केली, तर २२९च्या टीव्हीसाठी तुम्ही ४०९ पौंड देताय.

म्हणून माझ्याकडे कोणी ऑफर घेऊन आलं की मी एकच आकडा आधी काढायला सांगतो: सुटा फोन अधिक सिम-ओन्ली. बाकी सगळी तुलना त्याच्याशी. दोन कॉन्ट्रॅक्टांची आपापसात तुलना करून फारसं काही कळत नाही, कारण दोन्ही महाग असू शकतात.

टीव्हीची किंमत धरतानाही एक काळजी घ्या. जाहिरातीत "२९९ पौंड किमतीचा" लिहिलं असेल तर तो आकडा धरू नका. मॉडेल नंबर शोधा आणि आज दोन-तीन दुकानांत तो कितीला आहे ते पाहा. मॉडेल नंबर दिलेलाच नसेल, किंवा "अथवा समान किमतीची वस्तू" असं छोट्या अक्षरांत असेल, तर गोदामात उरलेला जुना माल येऊ शकतो हे गृहीत धरा. आणि वस्तू तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतलीच नसती, तर तिची किंमत म्हणजे ती विकून हातात पडतील तेवढेच पैसे. भाड्याच्या एका खोलीत ४३ इंची टीव्ही ठेवायचा कुठे, हाही प्रश्न आहेच. त्यावर लाइव्ह कार्यक्रम बघायचे तर टीव्ही लायसन्सचा वेगळा खर्च येतो. फोनच्या ऑफरमध्ये हे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट दरवाढीची. ब्रिटनमध्ये चालू कॉन्ट्रॅक्टमध्येही दर वसंतात बिल वाढवायची पद्धत रूढ आहे. पूर्वी ही वाढ महागाईच्या दराला जोडलेली असायची, बऱ्याच कंपन्यांकडे महागाई अधिक ३.९ टक्के. २०२३मध्ये महागाई कडाडली तेव्हा काही ग्राहकांचं बिल १४.४ टक्क्यांनी वाढलं, एका कंपनीच्या ग्राहकांचं फोनचा हप्ता सोडून बाकीचं बिल १७.३ टक्क्यांनी. त्या वेळी ज्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये फोन आणि सेवा एकाच बिलात होती, त्यांच्या फोनच्या हप्त्यावर आणि पर्यायाने "मोफत" वस्तूच्या खर्चावरही महागाई लागली. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपची किंमत दरवर्षी वाढावी, तसा तो प्रकार होता. लोक वैतागून विचारायचे आणि कॉन्ट्रॅक्टात तसं लिहिलेलं आहे, यापलीकडे सांगण्यासारखं काही नसायचं. मला ते कधीच पटलं नाही.

दूरसंचार नियामक ऑफकॉमने यात सुधारणा केली. १७ जानेवारी २०२५पासूनच्या नव्या कॉन्ट्रॅक्टांत वाढ टक्क्यांत किंवा महागाईला जोडून ठेवता येत नाही. किती आणि कधी वाढणार हे पौंड-पेन्समध्ये, सही करण्याआधी, ठळकपणे सांगावं लागतं. वाढ थांबली मात्र नाही. तुमच्या ऑफरमध्ये दर एप्रिलला दोन पौंड वाढ आहे असं धरू. ऑक्टोबरात घेतलं तर सहा महिने ५२, बारा महिने ५४, शेवटचे सहा महिने ५६. एकूण १,२९६. जाहिरातीतल्या ५२वर हिशेब केला तर हे ४८ पौंड दिसतच नाहीत.

आता मुदत. नव्याने आलेल्या मुलांसाठी मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मोबाईल सेवेच्या कॉन्ट्रॅक्टची किमान मुदत २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. फोनचा हप्ता वेगळ्या करारात असेल तर तो ३६ महिन्यांचाही असतो. तुमचा कोर्स एका वर्षाचा. पुढे ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर इथे राहून काम करण्याचा) घ्याल, नोकरी लागेल, किंवा घरी परताल, आज काही सांगता येत नाही. देश सोडला म्हणून कॉन्ट्रॅक्ट संपत नाही. मध्येच बंद करायचं तर उरलेल्या महिन्यांचे जवळजवळ सगळे पैसे एकरकमी मागितले जातात. बाराव्या महिन्यात परत जायचं ठरलं तर सहाशे पौंडांच्या घरातली रक्कम समोर येते, तीही तिकीट, डिपॉझिट, सामान या सगळ्या खर्चाच्या ऐन महिन्यात. टीव्ही विमानात नेता येत नाही, तो कुणाला तरी मिळेल त्या किमतीत देऊन जावं लागतं.

काही मुलं अशा वेळी डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून बिल आपोआप कापलं जाण्याची सोय, बंद करून निघून जातात. कृपा करून हे करू नका. थकलेलं बिल वसुली एजन्सीकडे जातं आणि क्रेडिट रेकॉर्डवर डिफॉल्टची नोंद सहा वर्षं राहते. पुढे चार वर्षांनी चांगली नोकरी घेऊन तुम्ही याच देशात परत आलात, घरासाठी कर्ज काढायला गेलात, की ती नोंद समोर येते. मोबाईलच्या बिलापायी गृहकर्जाचा व्याजदर वाढलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना मूळ रक्कम आठवतही नव्हती, इतकी ती किरकोळ होती.

आणि आता सीनियरच्या नावाचं. तो मनाने चांगला आहे, मदत करतोय, यात मला शंका नाही. पण कॉन्ट्रॅक्ट त्याच्या नावावर म्हणजे कर्ज त्याचं, फोन नंबर कायद्याने त्याचा आणि बिल थकलं तर डाग त्याच्या रेकॉर्डवर. तुमचा पार्ट-टाइम जॉब एक महिना सुटला तर मैत्रीत वितुष्ट येणार. उलट बाजूही बघा. उद्या त्याने घर बदललं, नेटवर्क बदललं किंवा तुमच्यात काही बिनसलं, तर तुमचा नंबर, ज्यावर बँकेचे आणि युनिव्हर्सिटीचे कोड येतात, तो त्याच्या हातात. तुम्ही दर महिन्याला वेळेवर पैसे दिलेत तरी तुमचा क्रेडिट इतिहास यातून तयार होत नाही, त्याचा होतो. शिवाय अर्ज करताना वापरणारा कोण, पैसे भरणारा कोण, याबद्दल खोटं सांगावं लागलं तर ते वेगळंच प्रकरण. असं एकमेकांच्या नावावर घेणं आपल्या मुलांमध्ये सर्रास चालतं. म्हणूनच इतक्या स्पष्टपणे लिहितोय.

अर्ज नामंजूर झाला याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याबद्दल वाईट माहिती मिळाली असं नाही, माहितीच मिळाली नाही. ब्रिटनमध्ये एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्थांकडे लोकांच्या उधारीचा इतिहास असतो आणि भारतातला सिबिल स्कोअर त्यात येत नाही. नामंजुरीनंतर लगेच दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज करत सुटू नका. प्रत्येक पूर्ण क्रेडिट चेकची खूण रेकॉर्डवर राहते आणि थोड्या दिवसांत अनेक खुणा दिसल्या की पुढचा देणारा बिचकतो.

त्याऐवजी एक साधं काम करा, जे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे, वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहत असतील तर मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. सरकारी संकेतस्थळावर फुकट होतं. क्रेडिट चेकमध्ये नाव आणि पत्ता जुळतो का, हे याच यादीवरून पाहिलं जातं. त्याने स्कोअर एकदम उंच जात नाही, पण 'हा माणूस या पत्त्यावर राहतो' एवढं तरी सिद्ध होतं. मतदान करायचं की नाही, तो तुमचा प्रश्न.

फोनचं काय? बहुतेक मुलं भारतातून चालता फोन घेऊन आलेलीच असतात. तुमचा चालत असेल तर तोच ठेवा, त्यात भारताचं सिमही राहू द्या, कारण तिकडच्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या जागेत इथलं ३० दिवसांचं सिम-ओन्ली टाका. गिफगॅफ, स्मार्टी, व्हॉक्सी, लेबारा यांसारखे प्लॅन आगाऊ पैसे भरून चालतात, त्यांना क्रेडिट चेक लागत नाही आणि नको वाटलं की पुढच्या महिन्यात थांबवता येतं. यांची स्वतःची टॉवरं नाहीत, मोठ्या नेटवर्कवरच चालतात. उदाहरणार्थ, गिफगॅफ ओटूच्या, स्मार्टी थ्रीच्या. घेण्याआधी तुमच्या घरात आणि कॉलेजात त्या नेटवर्कला रेंज आहे का तेवढं पाहा. बाकी फार विचार करू नका, आवडलं नाही तर महिन्याने बदलता येतं.

नवा फोन घ्यायचाच असेल तर सुटा घ्या, मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या किंवा वॉरंटीसह रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, घ्या. पुढे क्रेडिट कार्ड मिळालं की मोठी खरेदी त्यावर करा आणि बिल पूर्ण भरा. १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूवर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमाचं संरक्षण मिळतं. विक्रेता बुडाला किंवा माल दिलाच नाही, तर कार्ड कंपनीला जबाबदार धरता येतं. डायरेक्ट डेबिटने चालणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या गिफ्टला हे कवच सहसा नसतं.

गिफ्ट मिळण्याच्या बाबतीतही बोलायला हवं. कॉन्ट्रॅक्ट नेटवर्कशी असतं, गिफ्टचं वचन रिसेलरचं. गिफ्ट आलं नाही म्हणून नेटवर्कला फोन केलात तर "ते आमचं नाही" असं उत्तर मिळेल, आणि बिल मात्र चालूच राहील. रिसेलर गिफ्ट लगेच पाठवत नाही, कारण तुम्ही लवकर कॉन्ट्रॅक्ट मोडलंत तर नेटवर्क त्याच्याकडून कमिशन परत घेतं. म्हणून तो काही आठवडे थांबतो, पहिलं बिल भरलं गेलं का ते पाहतो. काही ठिकाणी फॉर्म भरून ठरलेल्या दिवसांत मागणी करावी लागते आणि ते दिवस उलटले की हक्क गेला. लोक विसरतात, आणि किती जण विसरतील याचा अंदाज ऑफर ठरवतानाच धरलेला असतो.

या बाबतीत ब्रिटनला वाईट अनुभव आलेला आहे. २००५ ते २००८च्या सुमारास कॅशबॅकवाल्या कॉन्ट्रॅक्टांचं पेव फुटलं होतं. ठरावीक महिन्यांची बिलं, ठरावीक दिवसांच्या आत, पोस्टाने पाठवायची, तर पैसे परत. एक बिल दोन दिवस उशिरा पोचलं की दावा फेटाळला. काही रिसेलर तर बंदच पडले, आणि ग्राहक दोन-दोन महागडी कॉन्ट्रॅक्टं गळ्यात घेऊन बसले. ऑफकॉमने आधी कंपन्यांना स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता आणून पाहिली. ती पुरली नाही, तेव्हा सप्टेंबर २००९पासून मोबाईल विक्रीवर बंधनकारक नियम आले, कॅशबॅकच्या अटींसह. त्याच काळात लॅपटॉप, गेम कन्सोल, टीव्ही अशा मोठ्या गिफ्टांची चलती होती. आज ते कमी झालंय. आता बहुधा इअरबड्स, घड्याळ, टॅब्लेट, व्हाउचर किंवा स्ट्रीमिंगची सदस्यता असते.

यातल्या टॅब्लेट आणि स्मार्ट घड्याळापासून विशेष सावध राहा. वस्तू मोफत असते, पण तिच्या आत वेगळं सिम असतं आणि त्या सिमचं स्वतंत्र कॉन्ट्रॅक्ट! फोनचं बिल ठरल्याप्रमाणेच येतं, शेजारी टॅब्लेटच्या डेटाचं दुसरं बिल सुरू होतं, तेही २४ महिन्यांपर्यंतचं. "या ऑफरमध्ये एकूण किती कनेक्शन्स आहेत?" हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर 'एक'पेक्षा जास्त आलं तर तिथेच थांबा. स्ट्रीमिंगची सदस्यता काही महिन्यांनी आपोआप पैसे कापायला लागते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

फोन बनवणारी कंपनी स्वतः देते ते गिफ्ट मात्र वेगळं. नवा फोन बाजारात येताना आधी नोंदणी करणाऱ्यांना इअरबड्स किंवा घड्याळ मिळतं, तो खर्च उत्पादकाचा असतो. बहुतेकदा सुटा फोन घेणाऱ्यालाही ते मिळतं. अशा वेळी त्या वस्तूसाठी महागड्या टॅरिफवर जायची गरजच नाही. विक्रेता तेच गिफ्ट आपल्या कॉन्ट्रॅक्टचं म्हणून दाखवतोय का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं.

मग गिफ्टवालं कॉन्ट्रॅक्ट कोणी घ्यावं? ज्याचा इथला मुक्काम पक्का आहे, ज्याला तीच वस्तू येत्या महिनाभरात विकत घ्यायचीच होती, आणि दरवाढ धरून आलेला एकूण आकडा 'सुटा फोन अधिक सिम-ओन्ली अधिक ती वस्तू' यापेक्षा कमी आहे, त्याने जरूर घ्यावं. हे घडतं. महिनाअखेर, तिमाहीअखेर रिसेलरला टार्गेट गाठायचं असतं, नवं मॉडेल येण्याआधी जुना साठा हलवायचा असतो, तेव्हा कमिशनचा मोठा वाटा खरोखर ग्राहकाकडे येतो. कधी कधी सगळं मिळून सुट्या फोनपेक्षा स्वस्त पडतं. अशा ऑफरमध्येही, तेच पैसे दरमहाच्या बिलात कपात म्हणून मिळत असतील तर मी तेच घ्यायला सांगेन. कमी झालेलं बिल विसरून जाता येत नाही, हरवत नाही, त्यासाठी फॉर्म भरावा लागत नाही.

असं कॉन्ट्रॅक्ट ऑनलाइन किंवा फोनवर घेतलं तर साधारणपणे १४ दिवसांत विचार बदलता येतो. २०१३च्या नियमांनी दिलेला हा हक्क आहे. तोवर वापरलेल्या सेवेचे पैसे लागतात आणि फोन जपून परत करावा लागतो. दुकानात जाऊन समोरासमोर सही केली तर हा हक्क आपोआप मिळत नाही, दुकानाचं स्वतःचं धोरण असेल तेवढंच. खूप जणांचा समज याच्या उलट असतो. गिफ्टची जाहिरात, अटी, मॉडेल नंबर, मागणीची शेवटची तारीख, सगळ्याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. ऑफरचं पान महिन्याभराने तिथे नसतं.

आणि जे कॉन्ट्रॅक्ट तुम्ही शोधलं नाही, ते फोनवर चालून आलं तर? "तुमच्या नेटवर्ककडून बोलतोय, निष्ठावंत ग्राहक म्हणून बिल चाळीस टक्के कमी आणि घड्याळ मोफत, फक्त आलेला कोड सांगा." हा घोटाळा इथे जोरात चालतो. तुम्ही सांगितलेल्या कोडवर ते तुमच्या खात्यात शिरतात, तुमच्या नावावर महागडा फोन मागवतात आणि मग "चुकीचा फोन आला, या पत्त्यावर परत पाठवा" म्हणून तो स्वतःकडे वळवतात. हप्ते तुमच्या नावावर राहतात. कोड कुणालाही सांगायचा नाही. फोन ठेवा आणि बिलावरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. संशयास्पद एसएमएस ७७२६ या नंबरवर फुकट पुढे पाठवता येतो.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण आधीच गिफ्टवाल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असतील. त्यांच्यासाठी शेवटी काही कामाच्या गोष्टी. मुदत संपल्यावर बिल आपोआप कमी होईल असं समजू नका. फोन आणि सेवा एकाच बिलात असेल तर फोनचे पैसे फिटल्यानंतरही बऱ्याचदा तेवढंच बिल येत राहतं. ग्राहकांना मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने २०१७मध्ये दाखवून दिलं होतं की तीन मोठ्या कंपन्या मुदत संपलेल्या ग्राहकांकडून, आधीच फिटलेल्या फोनसाठी, दरमहा सरासरी २२ पौंड घेत होत्या. फेब्रुवारी २०२०पासून कंपन्यांना मुदत संपत आल्याचं आधी कळवावं लागतं. तो एसएमएस किंवा ईमेल जाहिरात समजून पुसू नका.

आत्ता बाहेर पडायला किती पैसे लागतील हे जाणायचं असेल तर कस्टमर केअरशी हुज्जत घालायची गरज नाही. त्याच फोनवरून इंग्रजीत 'इन्फो' हा शब्द ८५०७५ला एसएमएस करा, आकडा उत्तरात येतो. नंबर तोच ठेवून दुसरीकडे जायचं असेल तर 'पीएसी' ही तीन इंग्रजी अक्षरं ६५०७५ला पाठवा. कोड मिळतो, तो ३० दिवस चालतो आणि नव्या नेटवर्कला दिला की नंबर सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी तिकडे जातो. फोन लॉक असण्याची चिंता आता फारशी नाही. डिसेंबर २०२१पासून इथल्या नेटवर्कना लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे.